चार माणसांत बोलताना

(दिंडीच्या शताब्दी वर्षानिमित्त राहुटीप्रमुख, पंगतीचे वाढपी, ट्रकवरचे सेवेकरी आणि यंदा नव्याने जबाबदारी घेणारी तरुण मंडळी यांच्यापुढे गावच्या देवळात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वडीलधाऱ्यांना दंडवत, मायमाउल्यांना दंडवत, आणि मागे खांबाला टेकून बसलेल्या तरुण मंडळींनाही दंडवत. जरा पुढं सरकून बसा. आजचा विषय तुमच्यासाठीच आहे आणि खांबाच्या आडून तो ऐकू यायचा नाही.

दिंडीला शंभर वर्षं झाली. या सोहळ्यात कीर्तनं झाली, प्रवचनं झाली, जुन्या विणेकऱ्यांचे सत्कार झाले. आम्हां व्यवस्था बघणाऱ्या मंडळींना मात्र समितीनं वेगळंच काम सांगितलं. म्हणाले, तुम्ही इतकी वर्षं माणसं सांभाळली, तर चार माणसांत बोलावं कसं, सूचना द्यावी कशी, हे पोरांना सांगा. आधी आम्हांला हसू आलं. व्यवस्थापक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भिशीची वही येते, किराण्याची यादी येते, टँकरवाल्याशी चाललेली हुज्जत येते. भाषण हे काही आमचं काम नव्हे, असंच कुणीही म्हणेल. पण मग आम्ही एकत्र बसून मोजलं. पहाटे उठवण्यापासून रात्रीच्या पंगतीपर्यंत, एका दिवसात आम्ही किती वेळा माणसांपुढं उभं राहून बोलतो? दहा-बारा वेळा तरी नक्की. निघायची वेळ, विसाव्याची जागा, पाण्याची सोय, कुणाची हरवलेली पिशवी, कुणाची तक्रार. हे बोलणं नीट झालं की दिवस सुरळीत जातो. ते बिघडलं की स्वयंपाक कितीही चांगला असू द्या, दिंडीत कुरबूर सुरू होते.

आणि आमचं बोलणं अवघड जागी असतं. बुवांचं कीर्तन झालं, बुक्का लागला, आणि व्यवस्थापक माईकपाशी आला की निम्मी माणसं घोंगडी झटकायला लागतात. उरलेल्यांतली निम्मी चपला शोधत असतात. अशा वेळी उद्या पहाटे तीनला निघायचंय हे सगळ्यांच्या कानी घालायचं असतं. बुवांच्या मागं टाळकरी असतात, पखवाज असतो. बुवा दमले तर मागचे लोक चाल धरतात, बुवांना श्वास घ्यायला सवड मिळते. व्यवस्थापकाच्या मागं कुणीच नसतं. त्याला एकट्यालाच उभं राहून बोलायचं असतं.

म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो, की बोलणं ही शिकायची विद्या आहे. "त्याला बोलायची देणगी आहे, आपल्याला नाही" असं म्हणून जो मागं सरकतो, त्यानं आळंदीला जाऊन यावं. जोग महाराजांनी तिथं १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. खेड्यापाड्यातली, शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची पोरं तिथं येतात. आली तेव्हा त्यांना चार माणसांत नाव सांगताना घाम फुटतो. मग पाठांतर, पखवाज-टाळ, मोठ्यांची कीर्तनं ऐकणं, सोबत्यांपुढं उभं राहून बोलून बघणं, चुकणं, पुन्हा उभं राहणं, असं वर्षानुवर्षं चालतं. त्यातूनच पुढं कीर्तनकार तयार होतात. जोग महाराजांचे शिष्य सोनोपंत दांडेकर, ज्यांना सगळा महाराष्ट्र मामासाहेब म्हणून ओळखतो, ते पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. कॉलेजातल्या पोरांपुढं तत्त्वज्ञान शिकवायचं आणि वारीत वाळवंटात बसलेल्या माणसांपुढं कीर्तन करायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली. समोर कोण बसलंय हे बघून बोलणं बदलावं लागतं, हे त्यांच्याकडं बघून समजतं.

आपल्या वारकरी कीर्तनातून आम्ही एक गोष्ट उचलली आहे. नारदीय पद्धतीत पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, त्यात कथा येते. आपल्याकडे बुवा निरूपणाला एक अभंग घेतात आणि दोन तास त्या एका अभंगाला धरून बोलतात. दृष्टांत देतात, दुसऱ्या संतांचं प्रमाण देतात, लोकांना हसवतात, पण फिरून फिरून ध्रुपदावर येतात. म्हातारी बाई मध्ये पाच मिनिटं डुलकी घेऊन उठली तरी तिला कळतं, आज कशावर चाललंय. सूचनेचंही तसंच करावं. एका वेळी एकच ध्रुपद. उद्याची सूचना द्यायची तर "पहाटे तीनला निघायचं" हे ध्रुपद. ते आधी सांगा. मग कारण सांगा, की उद्या चाल लांब आहे आणि ऊन चढायच्या आत घाट गाठायचाय. मग पुन्हा तीन. मग सांगा की राहुट्या अडीचला मोडतील, बोचकी ट्रकपाशी आणा. आणि शेवटी पुन्हा तीन. आमच्यातले काही जण उभे राहिले की वर्गणीपासून सुरुवात करतात, मग गतवर्षीच्या पावसावर जातात, मग भाकरी वाया घालवू नका यावर दहा मिनिटं, आणि निघायची वेळ शेवटी बोटं दाखवून सांगतात. तोवर कुणी जागं नसतं.

आता समाज आरतीबद्दल जरा सविस्तर बोलू. तुम्ही दरवर्षी तिथं उभे असता, पण ती बोलण्याची केवढी मोठी शाळा आहे इकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. त्या शिस्तीचं खरं रूप संध्याकाळी तळावर दिसतं. पालखी तळावर येते. दिंड्या गोल करून उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याच्या कानात बोललेलं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच करतात. एक आवाज देतात. आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एवढ्या माणसांचा तो तळ, पण लेकराचं रडणं ऐकू यावं इतकी शांतता.

चोपदार त्या शांततेच्या आधी एक शब्दही बोलत नाहीत. कल्लोळावर ओरडून कल्लोळ थांबवायचा प्रयत्न ते करत नाहीत. आम्ही मात्र पंगतीत काय करतो? भांड्यांचा खणखणाट, पोरांचा गोंगाट, आणि त्यावर आपला आवाज चढवून "ऐका हो, ऐका हो!" मग लोकही आवाज चढवतात. माईक हातात घ्या, उभे राहा, आणि गप्प राहा. दहा मोजेपर्यंत गप्प. पहिल्या दोन दिवसांत लोकांना कळतं की हा माणूस उभा राहिला म्हणजे थांबायचं. तिसऱ्या दिवसापासून पाचच मोजावे लागतात. ही युक्ती आमची नव्हे, ती तळावरचीच आहे.

दुसरी गोष्ट तर याहून मोठी. सगळे टाळ थांबतात, पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते. कुणाला पाणी मिळालं नाही, कुणाच्या जागेवर दुसऱ्यानं राहुटी ठोकली, कुणाला धक्काबुक्की झाली. एवढ्या शांततेत तेवढेच टाळ वाजत असतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, म्हणणं ऐकतात, तोडगा काढतात. ते टाळ थांबले की मग पुढचं. हरवलं-सापडलं सांगायचं, उद्याची निघायची वेळ सांगायची, आणि मग आरती. म्हणजे क्रम बघा. आधी ऐकायचं, मग सांगायचं. जो दुखावलेला आहे त्याला सगळ्यांदेखत बोलायची जागा आहे, तीही टाळाची. शिवीगाळ न करता तक्रार मांडायची इतकी सुंदर रीत आम्ही दुसरीकडं कुठं पाहिली नाही.

पुढारीपण करणाऱ्यानं यातून काय घ्यावं? सूचना द्यायला उभं राहायच्या आधी राहुट्यांमधून एक फेरी मारा. बायकांच्या राहुटीबाहेर उभं राहून विचारा, काय अडचण आहे. आंघोळीच्या आडोशाची कनात फाटली असेल, कुणाचे पाय सुजले असतील. मग माईकवर पहिलं वाक्य त्याचंच येऊ द्या: "कनात फाटल्याचं कळलं, आत्ता दुसरी लावतोय." एवढं बोललात की पुढचं सगळं लोक कान देऊन ऐकतात. आपलं कुणीतरी ऐकलं, हे ज्याला कळलं तोच दुसऱ्याचं ऐकतो.

हरवलं-सापडलं याची जाता जाता एक खूण सांगतो. सापडलेल्या वस्तूचं सगळं वर्णन माईकवर करू नये. "एक कापडी पिशवी सापडली आहे" एवढंच सांगावं. रंग, आतला डबा, पैसे किती, हे ज्याची असेल त्यानं येऊन सांगावं. माणूस हरवला असेल तर उलट. तिथं सगळं सांगावं: लुगड्याचा रंग, गाव, कानाला कमी ऐकू येतं का, शेवटी कुठं दिसली. आणि तेही घाबऱ्या आवाजात नको. सांगणाऱ्याचा आवाज कापला की शंभर माणसं उठून चारी दिशांना धावतात, आणि एकाच्या ऐवजी पाच जण हरवतात.

आता भीतीचं बोलू. तरुणांनी आम्हांला चिठ्ठ्या दिल्या, त्यांत निम्म्या भीतीच्याच. उभं राहिलं की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, पाय लटपटतात, शब्द आठवत नाहीत. माउली, ते सगळ्यांना होतं. वर्षानुवर्षं माईक धरणाऱ्यांनाही होतं. भीती संपायची वाट बघू नका. पहिलं वाक्य तेवढं पाठ करून ठेवा, अगदी हरिपाठासारखं पाठ. सुरुवात झाली की गाडी चालू लागते. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा, एका पायावर झुलू नका. घोटभर पाणी प्या. बोलायच्या आधी श्वास पोटापर्यंत घ्या, वरच्यावर छातीत घेतलेला श्वास दोन शब्दांत संपतो. आणि नजर पहिल्या रांगेतल्या ओळखीच्या माणसावर न ठेवता सगळ्यात मागं बसलेल्या बाईवर ठेवा. तिच्यासाठी बोला. तिला ऐकू गेलं तर सगळ्यांना गेलं.

शिकायचं तर पायरी-पायरीनं. पहिल्याच दिवशी सगळ्या दिंडीपुढं उभं राहायचं कारण नाही. आधी आपल्या राहुटीतल्या दहा-पंधरा जणांना उद्याची वेळ सांगा. मग पंगतीत श्लोक झाल्यावर एक सूचना. मग विसाव्यावर. पोरांनो, तुम्ही टाळ शिकलात तेव्हा पहिल्या दिवशी रिंगणात उभे राहिला नव्हतात. मागच्या ओळीत पावली चुकवत चुकवतच शिकलात ना? हेही तसंच.

थोडं माईकचं. माईक तोंडापासून चार बोटं लांब धरावा, आणि बोलता बोलता तो हात खाली जाऊ देऊ नये. त्यात फुंकर मारू नये, बोटानं टकटक करू नये. कर्ण्याच्या तोंडासमोर माईक घेऊन उभं राहिलं की शिट्टी वाजते, मग सगळे कानावर हात ठेवतात. कर्णा आपल्या पुढं असावा, आपण त्याच्या मागं. मैदानात आवाज घुमतो, म्हणून एक वाक्य झालं की थांबा, ते मागपर्यंत पोचू द्या. माईक बंद पडला तर वारा आपल्या पाठीमागून येईल असं उभं राहा, आवाज वाऱ्याबरोबर लांब जातो. वाऱ्याकडं तोंड करून ओरडलात तर घसाच जायचा. आणि उंच, किरट्या आवाजात ओरडू नका. वय झालं की माणसाचे कान आधी बारीक, चिरका आवाज टिपेनासे होतात. म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं तर आवाज खालचा, भरीव आणि सावकाश असावा. आपल्या दिंडीत म्हातारी माणसंच जास्त आहेत, हे विसरून कसं चालेल?

बोलीबद्दलही एक. माईक हातात आला की आमच्यातल्या काहींची भाषा एकदम पुस्तकी होते. "सर्व भाविकांना सूचित करण्यात येते की प्रस्थान प्रातःकाळी करण्यात येईल." अहो, घरी असं बोलता का? गाडगेबाबांना आठवा. १८७६ साली जन्मलेला, शाळेची पायरी न चढलेला माणूस. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावात उभा राहून कीर्तन करायचा. भाषा वऱ्हाडी, घरातली. बाबा नुसते सांगत नसत, ते विचारत. समोरच्या गर्दीला प्रश्न टाकायचे, गर्दीनं मोठ्यानं उत्तर द्यायचं, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. दारू, कर्ज काढून केलेले सण, नवससायास, कोंबडं-बकरं कापणं, शिवाशीव, पोरांना शाळेत न घालणं, यावर ते असे प्रश्न विचारत नेत की शेवटचं उत्तर लोकांच्याच तोंडून निघायचं. आपल्याच तोंडून निघालेलं उत्तर माणूस विसरत नाही. त्यांच्या अखेरच्या दिवसांतल्या, १९५६ सालच्या मुंबईतल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. तरुणांनी मोबाईलवर ते जरूर ऐकावं आणि बाबा कुठं थांबतात तेवढंच नीट बघावं. ते थांबणं शिकण्यासारखं आहे.

आम्ही ती रीत सूचनेत वापरतो. "उद्या तीनला निघायचं" असं सांगून झालं की लगेच विचारतो, "मावशी, उद्या किती वाजता?" मावशी म्हणते, "चारला न्हवं का?" सगळे हसतात, आणि मग दहा जण मिळून सांगतात, "तीनला!" बस्स. आता ती वेळ आम्ही सांगायची गरज उरली नाही. एकच जपा, प्रश्न विचारून कुणाची फजिती करू नका. हसू आलं तर ते सोबत घेऊन हसणारं असावं.

आता अवघड बोलण्याकडे येतो. सोपं बोलणं कुणीही करील. पुढाऱ्याची परीक्षा अवघड बोलताना होते.

एका वर्षी मुक्कामाच्या शेतात पाणी भरलं. रात्रीचे आठ वाजलेले, पाऊस चालू, राहुट्या लावायला जागा नाही, पुढं ट्रक चिखलात. माणसं भिजलेली, भुकेली, आणि अफवा सुरू: पुढचा पूल वाहून गेला, दिंडी इथंच मोडणार. त्या रात्री आमच्यातला एक जण ट्रकच्या फाळक्यावर चढला. तो काही मोठा वक्ता नव्हता. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. आम्हांला काय माहीत आहे: शाळेची दोन दालनं मिळाली आहेत, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या आधी तिकडं जातील. आम्हांला काय माहीत नाही: पुलाचं अजून कळलेलं नाही, माणूस पाठवला आहे. आणि पुढं कधी सांगू: तो नऊ वाजता परत येईल, तेव्हा इथंच उभं राहून सांगतो. नऊ वाजता तो खरंच पुन्हा फाळक्यावर चढला. माणूस अजून आलेला नव्हता, तेही त्यानं सांगितलं. साडेनऊला बातमी आली, पूल शाबूत होता. त्या रात्री दिंडी मोडली नाही. जे माहीत नाही ते नाही म्हणून सांगितलं, की जे माहीत आहे त्यावर लोक विश्वास ठेवतात.

पैशाचं बोलणंही असंच. द्वादशीला पारणं सुटल्यावर हिशेब वाचायची आपली रीत आहे. चाळीस ओळी वाचत बसलं, तेल इतकं, गूळ इतका, सुतळी इतकी, तर माणसं पेंगतात आणि पेंगलेली माणसं घरी जाऊन शंका काढतात. जमा किती, खर्च किती, शिल्लक किंवा तूट किती, हे तीन आकडे मोठ्यानं, सावकाश, दोनदा सांगा. मोठा खर्च कुठं झाला ते एका वाक्यात सांगा. मग वही विण्याशेजारी ठेवा आणि म्हणा, ज्याला बघायची त्यानं बघावी, आम्ही इथं दोन तास बसलो आहोत. आमच्या पाहण्यात ज्या दिंड्या फुटल्या त्या भाकरीवरून फुटल्या नाहीत, हिशेब कुणी स्पष्ट बोललं नाही म्हणून फुटल्या.

रागावायचं असेल तर माईक बाजूला ठेवावा. कुणी पंगतीत दांडगाई केली, कुणी व्यसन करून आला, त्याचं नाव माईकवर घेऊ नये. त्याला बाजूला घेऊन, त्याच्या शेजारी बसून बोलावं. कौतुक मात्र सगळ्यांदेखत, नाव घेऊन करावं. ज्यानं रात्रभर टँकरपाशी उभं राहून पाणी भरलं त्याचं नाव दिंडीला कळलंच पाहिजे.

आणि एक बोलणं असं आहे की ते कुणाच्याच वाट्याला येऊ नये, पण येतं. वाटेत एखाद्या माउलीची यात्रा संपते. वय झालेलं असतं, ऊन असतं, चाल असते. तेव्हा माईकवर घाईनं काही बोलू नये. आधी घरच्यांना फोन, तोही त्यांच्याशी बोलू शकेल अशा माणसानं करावा. सोबत चालणाऱ्या नातलगांजवळ बसावं. मग दिंडीला सांगावं. विण्याजवळ उभं राहून, नाव घेऊन, गाव घेऊन, सरळ शब्दांत. "काहीतरी झालंय" असं म्हणू नये, त्यानं जीव टांगणीला लागतो. "गेले" म्हणावं. दोन वाक्यं पुरे. त्यापुढं बोलायला जाऊ नये, भजन सुरू करायला सांगावं. आपल्या शब्दांनी जे होत नाही ते टाळ करतात.

बोलण्याला वजन कशानं येतं, हे सांगायला पंढरपूरचीच गोष्ट आहे. विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात, १ तारखेपासून १० तारखेपर्यंत पंढरपुरात उपोषण केलं. त्याआधी ते महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव बोलले. लोकांची मनं आधी वळली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. गुरुजींचं बोलणं भरभरून, डोळ्यांत पाणी आणणारं. पण लोकांनी ते ऐकलं, कारण बोलणारा स्वतःचा प्राण पणाला लावून बोलत होता. आपल्याला एवढं करायचं नाही. पण शेवटच्या पंगतीला जेवणारा व्यवस्थापक जेव्हा "थोडं थांबा, भाकरी येतेय" म्हणतो तेव्हा लोक थांबतात. पहिल्या पंगतीला जेवून ढेकर देत जो तेच म्हणतो, त्याचं कुणी ऐकत नाही. शब्द दोघांचे तेच असतात.

वारीआधी सरकारी कचेरीत बैठक होते, तिथं दिंडीच्या वतीनं बोलायचं तर आणखी वेगळी तऱ्हा. तिथं पन्नास दिंड्यांची माणसं असतात आणि साहेबांना वेळ नसतो. तिथं कीर्तनही नको आणि गाऱ्हाणंही नको. चिठ्ठीवर लिहून न्या: माणसं किती, ट्रक किती, कुठल्या मुक्कामाला पाणी कमी पडतं, फिरती शौचालयं कुठं उभी करायची, दवाखान्याची गाडी कुठं हवी. जागेचं नाव आणि आकडा, एवढंच. "गैरसोय होते" असं नुसतं म्हटलं तर लिहून घेणाऱ्यानं लिहावं काय? तीन मिनिटांत बोलून खाली बसा आणि चिठ्ठीची एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवून या.

शेवटचा विषय बायकांचा, आणि हा आम्ही जाणूनबुजून मागं ठेवला, कारण तो ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडणार आहेत. आपल्या दिंडीत निम्म्याहून जास्त बाया आहेत. तुळशी त्यांच्या डोक्यावर, हंडे त्यांच्या डोक्यावर, भाकरी त्यांच्या हातच्या. शंभर वर्षांत माईक किती जणींच्या हाती गेला? ज्या संप्रदायात मुक्ताबाईंनी बोललेलं चांगदेवांनी ऐकलं, जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाईंची वाणी आपण रोज गातो, तिथं उद्याची निघायची वेळ एका बाईनं सांगायला काय हरकत आहे? बायकांच्या राहुटीच्या अडचणी आम्ही माईकवर सांगतो तेव्हा अर्ध्या गोष्टी गाळतो, लाजतो. त्या त्यांनीच बोलाव्यात. पोरींनो, तुमच्यातल्या कितीतरी जणी बचतगटाच्या बैठकीत, ग्रामसभेत उभ्या राहून बोलता. मग इथं गप्प का?

तर समितीपुढं आम्ही असं ठेवलं आणि समितीनं ते मान्य केलं आहे. यंदाच्या वारीत संध्याकाळची सूचना रोज वेगळा माणूस देईल. एक दिवस बाप्या, एक दिवस बाई. ज्याची पाळी त्यानं दुपारच्या विसाव्याला आमच्यातल्या एकाला ती म्हणून दाखवायची. दोन मिनिटांच्या वर कुणी बोलायचं नाही, नाहीतर मागून टाळ वाजतील. सराव येत्या एकादशीपासून, हरिपाठ झाल्यावर इथंच देवळात, माईकशिवाय. नावं लिहायची वही विणेकरी बाबांजवळ दिली आहे. आत्ता पंगत बसेल, त्याआधी खांबामागच्यांनी पुढं येऊन आपली नावं घालावीत. पहिल्या दोन दिवसांची नावं आली आहेत, दोन्ही बायांचीच आहेत.

राम कृष्ण हरि.